गुलाबी दोऱ्याचा कट्टा

मोठ्या डॉक्टरांनी पाय बघितला मालकांचा आणि प्रश्न विचारला मला. "विड्या तुम्ही वळता का?"

मी हात पदराखाली घेतले. पण बोटांची पेरं तंबाखूनं पिवळी पडलेली, ती लपवून लपतात होय? "वळते की," म्हटलं.

"आणि हे त्याच ओढतात?"

मालकच मध्ये बोलले, तेही हसत. "दुसऱ्या कुणाच्या हातची चालतच न्हाय आपल्याला, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मालकांच्या पावलावर दोन बोटं ठेवली, मग घोट्यामागं ठेवली, बराच वेळ. "इथं नाडी लागायला हवी, ती लागत नाही," म्हणाले. "याला बर्जर्स डिसीज म्हणतात." मग माझ्याकडं बघून सोपं करून सांगितलं. तंबाखूमुळं पायातल्या रक्ताच्या नळ्या सुजतात आणि बंद होत जातात. रक्त खालपर्यंत पोचत नाही. करंगळी काळी पडली होती त्याला गँग्रीन म्हणायचं, म्हणजे माणूस जिवंत आणि मांस मेलेलं. "विडी आजपासून बंद. कमी नाही, बंद. एक जरी चालू राहिली तर आज बोट जाईल, उद्या पाऊल जाईल, परवा गुडघ्यापासून पाय जाईल."

मालक तेव्हा बेचाळीस वर्षांचे. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहायचं काम. पाय गेला की काम गेलं, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हते.

हे मी लिहून ठेवते आहे ते ज्यांच्या घरी असला पाय आहे त्यांच्यासाठी. मी शाळा चौथीपर्यंतच शिकले, पुढचं वाचायला आपलं आपणच शिकले, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

खुणा आधीपासून होत्या, आम्हाला कळल्या नाहीत. चालताना पोटरीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. मिलपासून घरापर्यंत यायला चार ठिकाणी बसायला लागायचं. आम्ही म्हणायचो, उभं राहून राहून शिणले. पाय गार पडायचा तर मी तेल चोळायचे. चपलेनं करंगळीला साधं घासलं ते दोन महिने बरं होईना, तेव्हा कुठं सरकारी दवाखान्यात गेलो. तुमच्या घरात कुणाला असं होत असेल तर दोन महिने थांबू नका.

आता विडीचं सांगते. चाळीत आमच्या शेजारी तेलुगू अक्का होत्या, त्यांनी मला विडी वळायला शिकवली. ओलं पान कापायचं, चिमटीनं तंबाखू भरायची, वळायची, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. कारखान्याच्या विडीला लाल दोरा. पण मालकांचा पंचवीस विड्यांचा कट्टा मी रोज वेगळा करायचे. निवडलेलं पान, नस नसलेलं, आणि गुलाबी दोरा. ते मिलमध्ये कट्टा काढायचे तेव्हा माणसं म्हणायची, वहिनींचा गुलाबी आला. मालक कधी भाजी चांगली झाली म्हणाले नाहीत, लुगडं चांगलं दिसतं म्हणाले नाहीत. विडीला मात्र म्हणायचे, "तुझ्या हाताला येगळीच चव हाय." आमच्या सोळा वर्षांच्या संसारात कौतुक म्हणून मला मिळालं ते एवढंच.

दोनदा मी सोडा म्हणाले होते, खोकला लई झाला तेव्हा. पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली मालकांनी. ती शपथ आठ दिवस टिकली.

दवाखान्यात दाखल केलं. रोज सकाळी दहाला ड्रेसिंग, म्हणजे जखम धुऊन पट्टी बदलायची. ते करायला सुवार्ता सिस्टर यायच्या. मूळच्या नगरकडच्या, तिशीतल्या, उंच, पांढरी टोपी, आवाज बसकाच. पट्टी सोडता सोडता विचारायच्या, "काल किती?"

पहिल्या दिवशी मालक म्हणाले, "एक बी न्हाय." सिस्टर पट्टी सोडायच्या थांबल्या. "भाऊ, मी तुमची बायको नाही, आई नाही. मला फसवून तुम्हाला काय मिळणार?" मालक खाली बघत म्हणाले, "चार. संडासामागं." सिस्टर रागावल्या नाहीत. नुसतं "बरं" म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी शिकवलं. तलफ आली की ती दहा मिनिटांच्या वर जोर धरत नाही. तेवढा वेळ वॉर्डाच्या घड्याळाकडं बघत घोट घोट पाणी प्यायचं. ओवा चघळायचा. हाताला चाळा म्हणून जपमाळ धरा नाहीतर शेंगा सोला. फारच झालं तर मला हाक मारा. विडीची बैठक जिथं बसते तिथं जायचं नाही आणि वास येतो तिथं बसायचं नाही. पहिले दिवस चिडचिड होईल, झोप उडेल, ते औषध लागू पडल्याचं लक्षण समजा. हे सगळं खरं निघालं, म्हणून लिहिते आहे.

चारच्या दोन झाल्या, पाचव्या दिवशी एकही नाही.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. खोटं कशाला बोलू, मला आगीत उभं केल्यासारखं झालं. पोराच्या डोक्यावरची शपथ आठ दिवस, आणि ह्या बाईच्या एका वहीपुढं हा माणूस मऊ मेणासारखा! साडेनऊलाच शेजारच्या खाटेवरच्याकडून आरसा मागून घ्यायचे, भांग पाडायचे. मी भाकरी घेऊन गेले की पहिलं वाक्य, "सिस्टर म्हणत्यात." सिस्टर म्हणत्यात पालेभाजी खा. सिस्टर म्हणत्यात रंग सुधारला. एकदा मी म्हणाले, "सिस्टर म्हणत्यात तर भाकरी पण त्यांच्याच हातची खावा की." तर हे म्हणतात, "त्यांना कुठं येळ हाय गं!" म्हणजे वेळ असता तर खाल्ली असती.

विसाव्या दिवशी मी खाटेच्या कडेला बसले. मालकांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "जरा लांब बस. तुझ्या लुगड्याला तंबाखूचा वास येतोय. जीव कासावीस होतो."

चूक नव्हतं हो त्यांचं. पण सोळा वर्षं ज्या वासानं चूल पेटली तो वास आता नको झाला, आणि डेटॉलचा वास गोड लागायला लागला!

घरी आले. सूप मांडीवर घेतलं. निवडून पानं काढली आणि एक कट्टा वळला. गुलाबी दोरा. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या फडक्याखाली ठेवला आणि डबा खाटेवर ठेवून मागं न बघता निघून आले. मनात काय होतं? पाय जावा असं नव्हतं, देवाशप्पथ. एवढंच होतं की, बघू तुला ती बाई मोठी का माझा हात मोठा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले तर सुवार्ता सिस्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. खिशातनं कट्टा काढला. "चोवीस आहेत. एक ओढली म्हणाले. ओढून झाल्यावर स्वतःच आणून दिला आणि लहान पोरासारखे रडले."

मी विचारलं, "आणि कुठनं आला म्हणाले?"

"जुन्या पिशवीत राहिला होता म्हणाले." सिस्टरांनी एक विडी काढून माझ्यासमोर चिमटीत दाबली. "माझी आई विड्या वळायची. पान अजून ओलं आहे, बाई. काल-परवाचं आहे."

मालकांनी मला वाचवायला खोटं सांगितलं आणि मी मात्र त्यांना मारायला निघाले होते. मी सगळं बोलले. वासाचं, आरशाचं, भांगाचंसुद्धा. सिस्टर आधी हसल्या, मग शेजारी बसल्या.

"माझं ऐकतात कारण मी परकी आहे," म्हणाल्या. "तुमच्यासमोर हरायची त्यांना लाज वाटते, म्हणून तुमच्याशी खोटं बोलतात. माझ्यासमोर हरले तरी त्यांचं काही जात नाही. माझा उपयोग तेवढाच. पाय बरा झाला की ते मला विसरतील, आणि विसरायलाच पाहिजे. पण पुढचं सगळं आयुष्य तुम्हाला काढायचं आहे त्यांच्याबरोबर. घरात तंबाखूचं सूप राहिलं तर माझी वही काय करणार?"

चार दिवसांनी ते बोट काढावं लागलं. त्याच वेळी सिम्पथेक्टोमी केली, म्हणजे कमरेजवळची एक शीर तोडतात, त्यानं पायाच्या नळ्या जरा सैल होतात. मी डॉक्टरांना विचारलं, एका विडीनं गेलं का बोट? ते म्हणाले, "ते आधीच मेलेलं होतं." असेल. पण मी आजही मालकांच्या पायाला तेल लावताना ती जागा बोटानं चाचपते.

ऑपरेशननंतर मी त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "दोरा बघूनच कळलं होतं की. दुसरं कोण बांधतंय गुलाबी?" एवढंच. आणि म्हणाले, "बस, हितं बस." मी त्या दिवशी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून गेले होते.

घरातनं पान, तंबाखू, सूप, कात्री सगळं अक्कांच्या घरी दिलं. अक्का म्हणाल्या, "हाताला सवय आहे, रिकामी कशी राहशील?" तर मी चादरींच्या दशा, म्हणजे काठाचे मोकळे दोरे, वळायचं काम धरलं. मिलनं मालकांना बसून करायचं काम दिलं. तलफ वर्षभर यायची. आली की मालक मला हाक मारायचे आणि मी काम खाली ठेवून त्यांच्याबरोबर घड्याळ बघत बसायचे. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा चुकून "सिस्टर" म्हणाले होते. मी ओ दिली.

बाकी पाय राहिला. त्या कट्ट्यातली एक विडी ती शेवटची.

बायांनो, तुमच्या माणसानं तुमच्यासाठी सोडली नाही आणि दुसऱ्या कुणाच्या सांगण्यानं सोडली, तर जळा, जळणं काय चुकत नाही. पण मधे पडू नका. कुणासाठी सोडली हे पायाला कळत नाही.

पाच-सहा वर्षांनी आम्ही मंगळवारच्या बाजारात भाजी घेत होतो. समोरनं साधी साडी नेसलेली एक उंच बाई आली आणि थांबली. चेहऱ्याकडं नाही, तिनं आधी मालकांच्या पायाकडं बघितलं. दोन्ही पाय बघितले, मग वर बघून हसली.

"काय भाऊ, काल किती?"

मालक गोंधळले. मला हळूच म्हणाले, "कोण गं ह्या? मिलमधल्या कुणाच्या घरच्या का?"

मला आत कुठंतरी गार वाटलं, ते का लपवू? सिस्टरांनी ऐकलं होतं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं मी, विसरतील?"

भाजीची पिशवी मालकांच्या हातात दिली आणि भर बाजारात मी वाकून सिस्टरांच्या पायाला हात लावला. मालक विचारत राहिले, अगं कोण, कोण? मी नाव सांगितलं. मालकांना ते नाव आता परत आठवत नाही. मला आठवतं.