पुट्टीखालची चीर

अणदूरच्या रेवणप्पाला एक खोड होती. कुणाच्या घरी गेला की तो आधी माणसाकडे बघायचा नाही, छताकडे बघायचा. चहा येईपर्यंत त्याची नजर स्लॅबवरून बीमवर, बीमवरून भिंतीवर, भिंतीवरून दाराच्या चौकटीवर उतरून आलेली असायची. "काय रेवणप्पा, घर कसं हाय?" असं यजमानानं विचारलं की हा म्हणायचा, "ब्येस हाय की," आणि कप तोंडाला लावायचा. खरं काय ते पोटातच राहायचं. तो रंगारी होता. रंगाऱ्यानं भिंत गुळगुळीत करून द्यावी, तिची दुखणी सांगत बसू नये, असा जगाचा रिवाज. आणि जगाशी भांडायची रेवणप्पाची कधी छाती नव्हती.

हे डोळे त्याला बापाकडून आले होते. वीरभद्रअप्पा म्हणजे पंचक्रोशीतला नावाजलेला गवंडी. तोंडानं फटकळ, पण हातानं सरळ. पोराला शेजारी उभं करून तो सांगायचा, "घराचं वजन पाण्यागत असतंय. वरून खाली वाट काढत जातंय. स्लॅबचं बीमवर, बीमचं भिंतीवर न्हायतर कॉलमवर, आन तिथून पायात. ती वाट कुणी मोडली, की ते दुसरीकडं फोडतंय." चिरांचंही त्याचं शास्त्र होतं. "केसागत बारीक चीर गिलाव्याची, तिला भिऊ नको. दाराच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेली तर मालकाला सांग. आन तिरपी असून वर रुंद होत गेली, तर आधी माणसं भाईर काढ, मग मालकाला सांग."

रेवणप्पाही गवंडीच झाला असता. पण त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. लोहाऱ्याकडच्या मामाच्या गावात त्यानं तीन दिवस दगड उचलले, आणि दगडांखालून काय काय निघालं ते आजवर बायकोलाही सांगितलं नाही. परत आला तो ओळंबा बापाच्या हातात देऊन मोकळा झाला. भिंत आपण बांधायची आणि तिच्या आडोशाला दुसऱ्यांनी झोपायचं, एवढं ओझं त्याला नको होतं. त्यानं ब्रश धरला. "रंगानं कुणी मरत न्हाय," असं तो पुढं तीस वर्षं म्हणत आला, आणि ते त्याला पटतही होतं.

या वर्षी धनाजीच्या घरचं काम निघालं. धनाजी त्याचा शाळेपासूनचा दोस्त, साखर कारखान्यात नोकरीला. त्याच्या पोरीचं, निकिताचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. आत-बाहेर रंग द्यायचा, आणि मग दर्शनी भिंतीवर दारावर गणपती, दोन्ही बाजूंना भालदार आणि उजवीकडे मोठ्या अक्षरात पोरीचं नाव काढायचं. लग्नघराची भिंत लिहावी ती रेवणप्पानंच, हे गावात ठरलेलं.

पहिल्या दिवशी जुना रंग खरवडताना दाराच्या उजव्या कोपऱ्याशी त्याची पत्ती अडकली. चीर. त्यानं ती लगेच ओळखली, कारण ती त्याचीच होती. दोन वर्षांपूर्वी ती दोऱ्याएवढी होती, तेव्हा त्यानं पुट्टी भरली. गेल्या दिवाळीला ती पुन्हा उमटली, तेव्हा जाळी लावून वर पांढरं सिमेंट चोपडलं. धनाजीनं पाठ थोपटली होती, "गड्या, आरशागत केलास!" आता त्याच चिरेत आगपेटीची काडी सहज गेली. आणि तिरपी वर जाताना ती रुंद होत गेली होती.

मग एकेक गोष्ट त्याला दिसायला लागली, आणि दिसायला लागली ती थांबेना. पुढचं दार पुरतं लागत नव्हतं. धनाजीची बायको जगदेवी म्हणाली, "लाकूड फुगलंय भाऊ, दोनदा रंधा मारून घेतला." लाकूड उन्हाळ्यात कसं फुगेल? हॉलमध्ये त्याच दाराच्या वर भिंतीतून पिठासारखी भुकटी गळायची, ती जगदेवी रोज सकाळी फडक्यानं पुसून घ्यायची. आणि त्या भुकटीच्या बरोबर वर होता लोखंडी गर्डर. तीन वर्षांपूर्वी धनाजीनं हॉल मोठा करायला मधली भिंत काढली आणि तिच्या जागी हा गर्डर टाकला होता. आधी ते वजन सबंध भिंत वाहत होती. आता ते सगळं गर्डरच्या टोकावर, आणि टोक नुसत्या विटांवर, तेही दाराला खेटून. खाली ना कॉलम, ना काँक्रीटची उशी. वर धनाजीनं एक खोली चढवली होती आणि खोलीवर पाण्याच्या दोन टाक्या.

रेवणप्पानं पत्ती खाली ठेवली. तरी तो त्या दिवशी बोलला नाही. त्यानं बापाची एक युक्ती केली. फुटक्या काचेची बोटभर पट्टी चिरेवर आडवी धरली आणि तिची दोन्ही टोकं प्लास्टरनं भिंतीला चिकटवली. चीर झोपलेली असेल तर काच तशीच राहते. चीर जागी असेल तर काच तडकते. जगदेवीला म्हणाला, "वहिनी, हिला हात लावू नका." आणि खालच्या हॉलला रंगाचा पहिला हात मारून, जाता जाता सगळ्यांना बजावून गेला, "खाली रंग वला हाय. कुणी टेकू नका, काय ठेवू नका."

हीच त्याची चूक. लग्नघर ते, सामान यायचं थोडंच थांबतंय! खाली ठेवायचं नाही म्हटल्यावर गव्हाची, तांदळाची, साखरेची तीसेक पोती सरळ वरच्या खोलीत गेली. रंगाऱ्याचा शब्द त्या दिवशी सगळ्यांनी अगदी मनापासून पाळला.

तिसऱ्या दिवशी रेवणप्पा आला तेव्हा काचेचे दोन तुकडे झाले होते.

त्यानं धनाजीला बाजूला घेतलं. "धना, वरची पोती खाली घे. टाक्या रिकाम्या कर. ह्या दारातनं कुणाला जाऊ देऊ नको."

"का बरं?"

"भिंत बसायला लागलीय. गर्डरच्या टोकाखाली इटा चिरडल्यात."

धनाजी आधी हसला, मग त्याचा चेहरा बदलला. "लग्नघरात असलं वंगाळ बोलतोस? उद्या सोयरे येणार. त्यांच्या कानावर गेलं, तर म्हणतील पोरीच्या बापाचं घरच धड न्हाय."

"सोयरे काय म्हणतील त्यापरीस..."

"एक सांग," धनाजीनं त्याला मधेच तोडलं. "ही चीर दोन वर्षं कुणी भरली? तूच ना? तवा तुझ्या तोंडाला काय झालं हुतं?"

 यावर रेवणप्पाकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. तेव्हाही त्याला दिसलं होतं. तेव्हाही बापाचा शब्द आठवला होता. पण शाबासकी गोड लागते, आणि दोस्ताचं तोंड कडू करायला कुणाला आवडतं? आपण फक्त रंगारी, असं स्वतःला समजावून त्यानं जाळी ठोकली होती.

"भर आन लिही नाव," धनाजी म्हणाला. "बाकीचं लग्न झाल्यावर बघू."

आणि रेवणप्पानं भरली. तिसऱ्यांदा. वर गणपती काढला, भालदार काढले, आणि बरोबर त्या चिरेवर सोनेरी रंगात लिहिलं, चि. सौ. कां. निकिता. अक्षरं इतकी देखणी आली की येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली. रेवणप्पाला मात्र त्या अक्षरांकडे बघवेना.

घरी कस्तुराबाईनं ताट वाढलं. त्यानं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. उठून ओसरीवर गेला, परत आला, पुन्हा गेला. "काय झालंय तुमास्नी? विंचू चावल्यागत का करताय?" बायकोनं विचारलं. तो म्हणाला, "काय न्हाय, पित्त वाढलंय." पित्त कसलं! डोळे मिटले की त्याला मामाच्या गावातले ते दगड दिसत होते. आणि तेव्हा तो निदान निर्दोष होता. ती भिंत त्यानं बांधलेली नव्हती, झाकलेलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश-डबे आणायचं निमित्त करून तो लग्नघरी गेला. अंगणात मांडववाला लाकडी बल्ल्या उतरवत होता. आणि वरून आवाज येत होता, धप्, धप्, धप्. रेवणप्पा जागीच थबकला.

हळद फोडत होत्या. पाच सुवासिनी, उखळ आणि मुसळ, आणि भोवती पंचवीस-तीस बाया गाणी म्हणत. एरवी असले कार्यक्रम अंगणात नाहीतर हॉलमध्ये व्हायचे. पण अंगणात मांडवाचं काम, हॉलमध्ये कालच मारलेला दुसरा हात ओला, म्हणून उखळ वर नेलं होतं. मुसळ पडलं की दारावरच्या नव्या रंगातून थोडी भुकटी गळत होती. निकिता या नावाच्या मधोमध, काल भरलेल्या पुट्टीतून, बारीक काळी रेघ उमटली होती. एका रात्रीत.

"धना!" तो ओरडला. "बायास्नी खाली बोलव!"

धनाजी अंगणाच्या कडेला सतरंजीवर सोयऱ्यांच्या बैठकीत होता. तो उठून आला आणि दात आवळून म्हणाला, "रेवण्या, पाव्हणे बसल्यात. घरी जा."

रेवणप्पानं खिशातली पत्ती काढली आणि नावावर चालवली. नुकतंच लिहिलेलं पोरीचं नाव, हळदीच्या दिवशी, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत! बैठकीतनं कुणीतरी "अरारा" म्हणालं. धनाजीनं काडकन त्याच्या थोबाडीत मारली. रेवणप्पाची टोपी पडली. त्यानं ती उचलली नाही, पुन्हा पत्ती मारली. गिलाव्याचा मोठा ढलपा निघाला, आणि त्यामागून विटा नाही, विटांचा चुरा आला. भुसभुशीत, लाल, घसरत घसरत उंबऱ्यावर पडला. गर्डरचं टोक उघडं पडलं. त्याच्याखाली हात आत जाईल एवढी पोकळी होती.

"दोन वर्षं म्याच झाकत आलो," रेवणप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. त्याला रडू आलं होतं आणि ते त्यानं लपवलं नाही. "मला दिसत हुतं. मला दिसत हुतं, आन म्या झाकत आलो."

गलका ऐकून जगदेवी मागच्या जिन्यानं खाली आली होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही, पाहुण्यांकडेही नाही. पुढं झाली, त्या पोकळीत हात घातला आणि हात बाहेर काढून तळव्यावरचा लाल चुरा बघितला. मग ती मागं जिन्यापाशी गेली आणि वर तोंड करून म्हणाली, "मुसळ थांबवा गं. एकेक करून खाली या. पळू नका. निकिता, तू बी ये." तिचा आवाज अजिबात वाढला नव्हता, म्हणून बाया लगेच आल्या.

मांडवाच्या बल्ल्या त्या दिवशी मांडवाला लागल्या नाहीत. सगळ्या गर्डरखाली टेकूला लागल्या. एक टेकू ठोकताना वरून असा करकर आवाज आला की मांडववाला हातोडी टाकून रस्त्यापर्यंत पळाला. पोती उतरवली, टाक्या सोडल्या. पाहुण्यांची सोय शाळेत झाली, लग्न ठरल्या मुहूर्तावर मंगल कार्यालयात लागलं. रेवणप्पाला तिथं कुणी बोलावलं नाही.

घर पडलं नाही. त्यामुळं गावात निराळंच सुरू झालं. "घर तर उभंच हाय की! उगं पोरीचं नाव खरवडलं. अपशकुनी हात." धनाजी रस्त्यात दिसला की मान वळवायचा. पुढच्या महिन्यात त्यानं मुकाट्यानं गवंडी बोलावून गर्डरखाली कॉलम उभा करून घेतला, पण रंगाला दुसराच माणूस आणला. रेवणप्पाची दोन ठरलेली कामंही सुटली. कस्तुराबाई म्हणाली, "आता तरी गप बसा. दुनियेचा ठेका घेतलाय का तुमी?"

तो गप बसला, पण चारच दिवस. तेवढ्यात तो मनाशी आठवत राहिला. कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या देव्हाऱ्यामागं, तीस वर्षांत त्यानं कुठं कुठं पुट्टी भरून हात पुसले होते. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं पिशवीत पत्ती आणि काचेच्या पट्ट्या घातल्या. ब्रश घेतला नाही. वेशीजवळच्या सिताबाईचं दार वाजवलं. म्हातारीनं दार उघडलं आणि तिला आनंद झाला.

"आलास व्हय रे! पण औंदा रंग काढायचा न्हाय आमाला."

"रंगाला न्हाय आलो, मावशी," रेवणप्पा म्हणाला. "तुमच्या जिन्याखाली एक चीर हाय. म्या झाकलीय. ती बघू द्या."