जामखेडचा न हलणारा भाव

युद्धाची वर्षं होती. मी नगरच्या पुरवठा कचेरीत नुकताच लागलो होतो, तोही हंगामी. पुण्याला अर्थशास्त्र शिकताना एक रीत उचलली होती: गेल्या आठवड्याचा भाव आणि बाजारातली आवक घेऊन पुढच्या आठवड्याचा भाव समीकरणानं काढायचा. ती मी तालुक्यातालुक्याच्या ज्वारीला लावली. जामखेडचा भाव दीड महिना हलणार नाही, असं निघालं. साहेब खूश झाले. तिथं राखून ठेवलेलं धान्य दुसरीकडे हलवायचं ठरलं. हुकमावर सोमवारी सही व्हायची होती.

मला मात्र चैन पडेना. माझ्या समीकरणात आवकेचा गुणक जवळजवळ शून्य आला होता. म्हणजे माल येवो न येवो, भावाला त्याचं काहीच नाही. असं कुठं असतं?

शनिवारी मोटारीनं जामखेड गाठलं. दुकानावर भावाची सरकारी पाटी होती. कचेरीत येणारा आकडा तोच. मी ज्वारी मागितली.

"भाव हाय, माल न्हाई," दुकानदार म्हणाला.

शेजारी रिकामी पिशवी घेतलेली बाई हळूच बोलली, "दुप्पट दिल्यावर मागल्या दारानं मिळती, सायेब."

गावाची खरी हालत विचारायला तिथून मिशनच्या शाळेत गेलो. तिथल्या शिक्षिकाबाईंनी हजेरीपट पुढे केला. पोरं शाळा सोडून खायचा पाला खुडायला रानात जात होती.

"तुम्हाला भाव कोण कळवतं?" त्यांनी विचारलं.

"बाजाराचा कारकून."

"तो पाटीवरचाच लिहिणार. खरा लिहिला, तर काळा बाजार का चालू दिलास म्हणून त्यालाच धरतील."

सोमवारी साहेबांनी टाक उचलला होता.

"साहेब, सही करू नका. माझं चुकलंय."

"परवा तर बरोबर होतं."

"तो भाव आपणच बांधलेला आहे. मी आपल्या पाटीचाच अंदाज केला, बाजाराचा नाही."

त्यांनी टाक खाली ठेवला. "हे लेखी द्याल? स्वतःच्या सहीनं?"

नोकरी जाणार, असं मनानं घेतलं. तरी लिहून दिलं.

नोकरी राहिली. पण गोदामवाल्यांनी तोंडी निरोपावरच निम्मी पोती आधी रवाना केली होती. उरलेल्या धान्याचं स्वस्त दुकान जामखेडला उघडायला आणखी नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत मला घरचं जेवण गोड लागलं नाही.

पुढे पाटीच्या भावाऐवजी टंचाईची खूण म्हणून शिक्षिकाबाईंनी दर आठवड्याला शाळेची हजेरी पोस्टकार्डानं कळवायचं कबूल केलं. पहिल्या कार्डावरचा आकडा इतका खाली होता, की तो समीकरणात घालण्याआधी मी कार्डच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.