कॅमेऱ्याबाहेरची खुर्ची

कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये मी वॉक-ऑन होते. म्हणजे मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच ट्रायआउट देऊन घुसले होते. स्कॉलरशिप नाही, आणि मॅचमध्ये उतरायला मिळेल याची खात्रीही नाही. माझं खरं काम प्रॅक्टिसमध्ये. पुढच्या मॅचला जी टीम समोर येणार, तिच्यातल्या सगळ्यांत भारी मुलीसारखं मी खेळायचं, म्हणजे आमच्या मुलींना तिची सवय व्हावी. ती डावखुरी असेल तर मीही डावखुरी. आठवडाभर मी दुसरीच कुणीतरी असायचे आणि मॅचच्या दिवशी शेवटच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायचे.

कॉलेजपासून दूर, अ‍ॅशबर्नला घरी आई प्रत्येक मॅच लॅपटॉपवर लाइव्ह बघायची. बास्केटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मॅच संपली की मी फोन करायचे. "दिसलीस गं, पाणी पीत होतीस," ती खूश होऊन सांगायची.

दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी, मी सकाळच्या प्रॅक्टिसला उठलेच नाही. कुणाशी भांडण नव्हतं, काही दुखत नव्हतं. अलार्म वाजत होता आणि मी छताकडे बघत पडले होते. मग कोचना मेसेज केला की मी सोडतेय. ठीक आहे, लॉकर रिकामा कर, असं उत्तर आलं. मला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. लॉकर रिकामा केला, सूप प्यायले आणि क्लासला गेले.

घरी सांगितलं नाही. पुढच्या मॅचनंतर आईनं विचारलं, "आज दिसली नाहीस कुठे?"

"अगं, खुर्च्या सरकवल्यात. कॅमेरा तिथपर्यंत येत नाही."

थाप इतकी सहज मारली गेली की माझं मलाच कौतुक वाटलं. त्यानंतर प्रत्येक मॅच मी खोलीत पलंगावर बसून फोनवर बघायला लागले, आईशी बोलताना पकडली जाऊ नये म्हणून. टीममध्ये असताना मी एवढं लक्ष देऊन एकही मॅच बघितली नव्हती. बघताना वाईटही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं, खरं तर.

फेब्रुवारीत आईचा फोन आला. "शनिवारी आम्ही दोघं येतोय. तुमची शेवटची होम मॅच ना? बाबांनी ऑफिसचे कॉल्स सगळे कॅन्सल केलेत."

घाबरायला हवं होतं. माझ्या डोक्यात फक्त ती खुर्ची आली. दुसऱ्याच दिवशी मी कोचसमोर उभी राहिले आणि परत घ्या म्हणाले. त्यांचा नियम ठरलेला होता. सोडून गेलेल्या मुलीनं सगळ्या टीमसमोर कारण सांगायचं, मग काय ते टीम ठरवणार.

मी भाषण तयार केलं होतं. त्यात खेळावरचं प्रेम होतं, टीम म्हणजे कुटुंब होतं, सगळं होतं. लॉकर रूममध्ये उभी राहिले आणि त्यातला एक शब्द तोंडातून निघेना. "का सोडलं ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "आईला अजून सांगितलेलं नाही. ती शनिवारी येतेय."

कुणी हसलं नाही. कॅप्टननं विचारलं, "म्हणजे फक्त आईसाठी?"

"बहुतेक."

तिनं बाकीच्यांकडे बघितलं. "उद्या सहाला ये. पण युनिफॉर्म या वर्षी मिळणार नाही."

सकाळी सहाला मी पुन्हा दुसऱ्या टीमची कुणीतरी झाले.

शनिवारी बाकी सगळ्याजणी युनिफॉर्ममध्ये, आणि शेवटच्या खुर्चीवर मी ट्रॅकपँट आणि टी-शर्टमध्ये. समोरच्या स्टँडमधून आई दोन्ही हात हलवत होती. अगदी शेवटी आमच्याविरुद्ध एक फाउल दिला गेला आणि आम्ही दोन पॉइंटनी हरलो.

बाबा गाडी आणायला गेले. दारापाशी आई माझ्या टी-शर्टकडे बघत होती. आता लपवायला काही उरलं नव्हतं. "आई, मी मध्ये टीम सोडली होती. अडीच महिने."

"माहितीये."

"कसं काय?"

"कॅमेरा येतो की तिथपर्यंत. तुझ्या खुर्चीवर ती उंच बुचडा बांधणारी मुलगी बसायची."

मला एकदम रागच आला. "मग सगळ्या मॅच कशाला बघत बसलीस?"

आईनं माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "तू फोन करायचीस ना. मॅच बघितली नसती, तर बोललो काय असतो आपण?"

बाबांची गाडी आली. आई पुढे न बसता माझ्याशेजारी मागे बसली. थोडं अंतर गेल्यावर तिनं विचारलं, "तो शेवटचा फाउल खरंच होता का गं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं.