ओरिजिनल परत द्या

"आडनाव काय गं तुझं?"

विचारणाऱ्या बाईंच्या सासूच्या हाताला मी सलाईन लावत होते. बंगळुरातल्या महादेवपुऱ्यातलं हॉस्पिटल, प्रायव्हेट रूम, खिडकीबाहेर आयटी पार्कच्या काचा. बाई पुण्याच्या. मी मराठी बोलते हे कळल्यावर आधी हरखल्या. "किती बरं वाटलं! इथे मराठी कानावरच पडत नाही." आणि लगेच आडनाव. आमच्या बिल्ल्यावर नुसतं नाव असतं. इथल्या पेशंटचं सिस्टर किंवा अक्का म्हणून भागतं. मराठी माणसाचं भागत नाही.

मी सांगितलं.

बाईंनी मोबाइल हातात घेतला. मग त्यात बघत म्हणाल्या, "अच्छा. म्हणजे डिग्री फुकटातच झाली असेल."

सुई शिरेत नीट गेली होती. मी टेप लावली. "नाही मॅडम," एवढंच म्हणाले. त्यांनी ते ऐकलं नाही. मग पगार विचारला. तोही सांगितला. "अय्या, आमची स्वयंपाकाची बाई जास्त घेते गं!" हे त्या अगदी काळजीने बोलल्या.

स्वयंपाकाच्या बाईबद्दल माझी काही तक्रार नाही. तिला आपली कागदपत्रं मालकिणीच्या कपाटात ठेवावी लागत नाहीत. मला लागली होती.

फुकट. माझी आई निपाणीत बिड्या वळते. तंबाखूने तिची बोटं काळी पडली आहेत आणि खोकला कायमचा आहे. बंगळुरातल्या खासगी कॉलेजात मला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण कॉलेज म्हणालं, आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. ती आली की नाही, हे कॉलेजलाच ठाऊक. मी बँकेचं कर्ज काढलं. आईने सही केली. हप्ते अजून चालू आहेत. डिग्री हातात आली तेव्हा आईने निपाणीच्या स्टँडसमोर ती लॅमिनेट करून घेतली. का, तर घरातल्या तंबाखूचा वास कागदाला लागू नये.

नोकरीच्या पहिल्या दिवशी एचआरच्या अण्णांनी हात पुढे केला. "ओरिजिनल." मी डिग्रीची फाईल दिली. त्यांनी ती लोखंडी कपाटात ठेवली, किल्ली खिशात टाकली आणि मला झेरॉक्स दिली. "सेफ्टीसाठी," म्हणाले. सगळ्याच जणी देतात. केरळच्या चेचीने, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या नर्सने, कधीची दिली होती. न देण्याची पद्धतच नाही. चोर आपणच असल्यासारखं आपण जामीन ठेवतो, आणि वर थँक्यू म्हणतो. मीही म्हटलं होतं.

पुण्याच्या बाई घरी गेल्या त्याच सुमारास इंदिरानगरच्या एका हॉस्पिटलात माझी निवड झाली. पगार बरा. अट एकच: सोमवारी ओरिजिनल दाखवा.

मी अण्णांकडे गेले.

"ठरलेल्या वर्षांचा बाँड संपला नाही, अक्का. पैसे भरा, फाईल न्या." त्यांनी आकडा सांगितला. माझ्या कित्येक महिन्यांचा पगार. "नाहीतर स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

या शहरात थोडं जुळवून घ्यायला सगळेच सांगतात. ज्याच्या खिशात किल्ली असते, तो जरा जास्तच गोड आवाजात सांगतो.

शनिवारी आमच्याकडे नर्सेस डे साजरा झाला. हॉलमध्ये दिवा घेतलेल्या इंग्रज बाईचं मोठं चित्र, झेंडूच्या माळा, समई. पुढच्या खुर्च्यांवर डॉक्टर आणि पाहुणे. नर्सेस भिंतीला टेकून उभ्या. आमचाच दिवस असल्यामुळे फुलांची तबकं आमच्याच हातात. मोठे सर, म्हणजे हॉस्पिटलचे मालक, बराच वेळ बोलले. आम्ही देवदूत होतो, आई होतो, पणती होतो. त्या यादीत नोकरदार कुठेच नव्हतो. शेवटी त्यांचा आवाज ओला झाला. "या मुलींच्या शिक्षणाची किंमत पैशांत होऊच शकत नाही."

टाळ्या.

मग माझं नाव पुकारलं. उत्कृष्ट परिचारिका. पुण्याच्या बाईंनी फीडबॅकमध्ये माझं कौतुक लिहिलं होतं म्हणे. मनापासूनच लिहिलं असणार, शंका नाही. मला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि सोनेरी फ्रेममधलं सन्मानपत्र. माइकवर दोन शब्द बोला, म्हणाले. आभाराचे, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

बाईंनी माझी डिग्री फुकट ठरवली होती. सर अमूल्य म्हणत होते. खरा भाव फक्त अण्णांना माहीत होता. आईला कोणीच विचारलं नव्हतं.

मी सन्मानपत्र टेबलावर ठेवलं. वर शाल ठेवली. वर नारळ.

"सर, हे परत घ्या. माझं सर्टिफिकेट खाली तुमच्या कपाटात आहे. ते द्या."

सवयीने कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं आणि थांबलं.

सर हसले. "सिस्टर, हा विषय इथला नाही."

"सर, आत्ताच म्हणालात, किंमत होऊ शकत नाही. मग बाँडचे पैसे कसले मागता?"

अण्णा पुढच्या रांगेतून हात हलवत होते. "खाली या, अक्का! जेवण थंड होतंय!"

"होऊ दे," मी म्हटलं. "फाईल येईपर्यंत मी इथेच उभी आहे. उभं राहायची आम्हाला सवय आहे."

भिंतीकडून चेचीचा आवाज आला. "सर, माझंही." तिने तबक जमिनीवर ठेवलं. मग आणखी एक तबक खाली आलं. मग आणखी.

सरांनी फोटोग्राफरला कॅमेरा खाली घ्यायला लावलं आणि अण्णांना किल्ली घेऊन पाठवलं. फाईल आली. एकच, माझी. बाकीच्यांचं नंतर बघू, म्हणाले. चेचीने माझ्याकडे पाहिलं. मी फाईल छातीशी धरून खाली उतरले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

सोमवारी इंदिरानगरला तिथल्या एचआरनेही हात पुढे केला. "ओरिजिनल इथेच ठेवतो."

मी फाईल उघडून त्याच्यासमोर धरली. "बघा. वाचा. झेरॉक्स घ्या. ही माझ्याबरोबर घरी जाईल."

त्याला राग आला. येऊ दे. फाईल घरी आली.

संध्याकाळी मी महादेवपुऱ्यात चेचीच्या खोलीवर गेले. सगळ्यांची सर्टिफिकेटं परत मिळावीत म्हणून लेबर ऑफिसला द्यायचा अर्ज तयार होता. पहिली सही कोणी करायची, म्हणून वॉर्डातल्या सगळ्या पेन एकमेकींकडे सरकवत होत्या. त्या कपाटात माझं आता काहीच नव्हतं, तरी मी पेन घेतलं. नाव लिहिलं. त्यापुढे आडनाव लिहिलं, पूर्ण, वाचता येईल इतकं मोठं.

ज्यांना विचारायचं होतं, त्यांनी वाचावं. ते कपाट रिकामं झाल्याशिवाय मी सही मागे घेणार नाही.