लेकीच्या गाडीचा घुमारा

बूताई गावातल्या निम्म्या गाड्या गाण्याची यंत्रणा बसवून घ्यायला वंग छिंगशुईच्या हाताखालून गेल्या होत्या. खालचा घुमारा काढणाऱ्या कुठल्या वूफरला आवाज वाढवणारा कुठला अ‍ॅम्प्लिफायर मानवेल, दोघांचे ओहम, म्हणजे विजेचा रोध, जुळतात का, हे तो डबा उघडायच्या आधीच सांगे. होणाऱ्या जावयाच्या गाडीपाशी मात्र तो दिवसचे दिवस रेंगाळला.

"काका, माझा छोटा अ‍ॅम्प चालेल की," जावई हाओयू म्हणाला. "मोठा लावला तर वूफर जळायचा."

"अरे, वूफर जाळतो तो दुबळा अ‍ॅम्प. झेपत नसताना ओरडतो, आवाज फाटतो, आणि भोगतो बिचारा वूफर. ताकद ठेवावी, पण जपून वापरावी. कळलं?"

"कळलं," हाओयू चाचरत म्हणाला. त्याला वाटलं, हा संसाराचाच उपदेश असावा.

खरं कारण छिंगशुईने पोटातच ठेवलं. गाडीतलं गाणं चार घरांपुढे विरतं. खालचा घुमारा मात्र मासळीच्या तळ्यांवरून, मिठागरांवरून लांबपर्यंत येत राहतो. तिन्हीसांजेला तो हाओयूला बांधावरून गाडी फिरवायला लावी आणि स्वतः अंगणात डोळे मिटून उभा राही. पाणी, आभाळ, घुमारा, सगळं एकात एक मिसळून जाई. त्याची एकुलती एक लेक पेईजुन डोंगरापलीकडे ह्वालिएनला सासरी चालली होती. जाताना ती जरा जास्त वेळ ऐकू यावी, एवढंच त्याला हवं होतं.

"लोक लेकीला सोनं देतात, हा गडगडाट देतोय!" त्याची बहीण म्हणाली.

लग्नाच्या सकाळी फटाके वाजले, गाडी निघाली. बहिणीने त्याच्या हातात पाण्याचं तसराळं दिलं. सांडलेलं पाणी परत येत नाही, तशी लेकही रुसून माहेरी परतू नये, म्हणून गाडीमागे ते ओतायचं. छिंगशुई तसाच उभा. घुमारा तळ्यांवर होता, मग मिठागरांवर, मग नुसता तळपायांत.

"ओत की रे दादा! पाव्हणे खोळंबलेत."

"थांब गं. अजून आहे."

एवढ्यात त्याचा फोन वाजला. बहिणीने तो खिशातून काढून त्याच्या कानाला लावला.

"बाबा, पाणी ओतलं?" पेईजुनने विचारलं.

"नाही अजून."

"अजून ऐकू येतंय?"

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं. त्याने कान दिला. अंगणात वारा होता, कोंबड्या होत्या, बाकी काही नव्हतं.

"येतंय गं," तो म्हणाला. "अगदी स्पष्ट. जा तू."

आणि त्याने पाणी ओतलं.