भावाच्या नावानं

हिंगोलीच्या बसस्टँडासमोरच्या सायबर कॅफेत ज्योती कामाला होती. दहा बाय दहाची खोली, सहा कॉम्प्युटर, आणि लाईट गेली की सगळे उठून चहाला. दोन हजार सात साल. ऑर्कुटचं खूळ नुकतंच पोरांच्या डोक्यात शिरलं होतं. ज्योतीनंही खातं उघडलं, तर दोन दिवसांत चाळीस अनोळखी बाप्ये 'फ्रेंडशिप करोगी?' म्हणत हजर. वैतागून तिनं ते बंद केलं आणि थोरल्या भावाच्या, रविंद्रच्या नावानं दुसरं उघडलं. मग कोणी वाटेला गेलं नाही. पुरुषाच्या नावाला अशी बरकत असते.

तिचं गाव साखऱ्याच्या अलीकडचं. तिनं ऑर्कुटवर गावाची एक कम्युनिटी, म्हणजे गावच्या पोरांचा गट, काढली. पुण्या-औरंगाबादला शिकणारी, कंपनीत राबणारी गावची साठेक पोरं तिथं जमली. टाकी बांधून तीन वर्षं झाली तरी बौद्ध वस्तीत नळ का नाही, ग्रामसभा ऐन सोयाबीनच्या काढणीतच का ठेवतात, असं ती नेमकं बोट ठेवून लिहायची. पोरं 'रविंद्रदादा, एकदम बराबर' म्हणून माना डोलवायची. रविंद्र ट्रॅक्टर चालवायचा. कॉम्प्युटरला त्यानं कधी हात लावला नव्हता. पण गावात आपसूक भाव वधारला तर कोणाला नको असतो? तो गप्प राहिला. डोकं आपलं आणि कौतुक दादाचं, हे ज्योतीला फार लागायचं.

पुढं पंचायतीची निवडणूक आली. वॉर्डाची जागा बाईला सुटली. पुण्याहून भीमराज आला; त्या पोरांचा तोच म्होरक्या. अंगणातल्या खाटेवर बसून म्हणाला, "रविंद्रदादा, ज्योतीच्या नावानं फॉर्म भरू. सही ती करील, कारभार तुमी पाहा. समदी पोरं मतदानाला येऊन राहिली, तुमच्यासाठी."

ज्योती दारात येऊन उभी राहिली. "भीमराजदादा, ते समदं म्या लिवलंय."

भीमराज हसला. मग रविंद्रची मान खाली गेलेली दिसली, तसा तो गोरामोरा झाला. म्हणाला, "असू दे. पन आताच पोरायला सांगू नको. निवडणूक होऊ दे, मंग पाहू."

ज्योतीला रात्रभर थांबणंही जड गेलं. सकाळी कॅफे उघडल्याबरोबर तिनं सगळं खरं लिहून टाकलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. 'फसवलं' म्हणत एकवीस जण कम्युनिटीतून बाहेर पडले. वर्षभर पटत आलेलं तेच लिहिणं, बाईचं निघाल्यावर त्यांना टोचायला लागलं. भीमराज मात्र टिकला. फॉर्म भरायला तिच्यासोबत तहसीलीत तोच गेला.

ज्योती नऊ मतांनी पडली.

थोडे दिवस गप्प राहिली असती तर पोरगी निवडून आली असती, असं गावात अजून म्हणतात. ज्योतीही नाही म्हणत नाही.

"व्हय," म्हणते, "पन मंग निवडून कोन आलं असतं?"