दारातली प्रार्थना

आमच्या घरातून प्रार्थना केल्याशिवाय कोणी प्रवासाला निघत नाही. सामान दाराशी आणून ठेवायचं, पायात काही घालायचं नाही, सगळ्यांनी बैठकीत गोल करून उभं राहायचं आणि घरातल्या मोठ्यानं प्रार्थना करायची. मग आमेन, मग चपला. आजोबा नगर जिल्ह्यातून इथल्या फॅक्टरीत नोकरीला आले, तेव्हा ही रीत त्यांच्या ट्रंकेतूनच आली असावी, कारण ट्रंकेत दुसरं फारसं काही नव्हतं. तेव्हापासून आम्ही जबलपूरचे. मराठी, आणि त्यात ख्रिस्ती. लोकांना एका वेळी एकच पचतं. "मराठी हो? और क्रिश्चियन भी?" असं मला आयुष्यभर विचारत आले, आणि मी दर वेळी दरबारात वाकावं तसा वाकून "दोनों, भैया, एक ही टिकट पर" असं सांगत आलो.

दारातली ही प्रार्थना आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे आली. वडील मोजकं मागत. मी पडलो रेल्वेत गाड्या चालवणाऱ्या खात्यातला माणूस, वर चर्चच्या मंडळीच्या नाताळच्या नाटकात दरसाल गरजणारा हेरोद राजा. प्रभूला नुसतं "प्रवास सुखाचा कर" एवढ्यावर सोडून द्यावं, हे मला कधी पटलं नाही. त्याला तपशील नको का द्यायला? "प्रभू, इटारसीच्या यार्डात गाडी लूप लाइनला घेतील, तिथल्या पॉइंटवर नजर ठेव. भुसावळला ड्रायव्हर बदलेल, नवा आलेला झोपेतून उठून आला असेल, त्याला जागा ठेव." मग गार्ड, मग गँगमन, मग फाटकावरचा माणूस, आणि सगळ्यात शेवटी पँट्रीतला स्वयंपाकी, कारण त्याच्या ऑम्लेटनं एकदा बायको दोन स्टेशनं आडवी झाली होती. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थोडा कापरा करायचा, हे माझ्या गळ्याला आपोआप कळे. बायको शेजारी उभी असायची. फार लांबलं, की ती डोळे न उघडता माझ्या दंडाला चिमटा काढी. तिची स्वतःची प्रार्थना कोणाला ऐकू आली नाही. ती भाजी निवडताना पुटपुटायची, तेवढंच.

तेव्हा गोहलपूरचे एक चाचा आम्हाला ऑटोनं स्टेशनवर सोडत. त्यांना घाई नसे. उंबऱ्याबाहेर टोपी सारखी करून उभे राहायचे आणि आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं "आमीन" म्हणायचे. एकदा ऑटोत बसता बसता म्हणाले, "साहब, आपकी दुआ सुन-सुनके हमको रेल में बैठने से डर लगने लगा है."

मागच्या पावसाळ्यात बायको गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि घरी आणता आलं नाही. दफनाच्या वेळची प्रार्थना मीच केली. तुम्हाला जमणार नाही, असं सगळे सांगत होते. मला उत्तम जमलं. बायका रडल्या, पुरुषांनी चष्मे पुसले, आणि मी उभा राहून ऐकत होतो, की आज आवाज फार छान लागलाय. त्यापलीकडे आत काही नव्हतं. दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गालाचं होतं तसं. गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, आणि चहा ओघळतोय हे समोरच्यानं सांगावं लागतं.

मला वाटलं, उतरेल. उतरलं नाही. सकाळी उठून पवित्र शास्त्र वाचायचो, जेवणाआधी हात जोडायचो, रविवारी उपासनेला जायचो. आमच्याकडे मराठी उपासना आता महिन्यातून एकदा उरली आहे, तीही दुपारी, जेवून सुस्तावलेल्या मूठभर म्हाताऱ्यांसाठी. बाकीचे रविवार हिंदी, गिटार, आणि भिंतीवर उजेडानं उमटणारी गाणी. पूर्वी मी या गिटारवरून कमिटीत टेबलं बडवली होती. आता ती वाजत असताना मी शांत बसून राही. लोकांना वाटलं, भाऊ निवळले. मी निवळलो नव्हतो. मला गिटार आवडत नव्हती असंही नव्हतं आणि आवडत होती असंही नव्हतं.

डिसेंबरात मुलगी पुण्याहून आली. ती तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मराठी तिला सगळी कळते, पण बोलताना हिंदीचा कठडा धरून चालते. पुण्यात तिच्या मराठीला लोक हसतात, म्हणून तिथे ती इंग्रजीच बोलते. आल्या आल्या तिनं घर झाडलं, आईच्या साड्या बांधून ठेवल्या. जेवताना मी प्रार्थना सुरू केली, की फोन उलटा ठेवी, पण डोळे मिटत नसे. हे मला कसं कळलं, ते विचारू नये.

नाताळच्या आठवड्यात आमच्या चर्चचे तरुण पाळक भेटायला आले. हिंदी बोलतात, मुलगा चांगला आहे. मी त्यांना सरळच सांगितलं, की प्रार्थनेत मला काही वाटत नाही. भिंतीशी बोलल्यासारखंसुद्धा नाही. भिंतीचा गारवा तरी लागतो.

"आएगी, अंकल, फीलिंग आएगी," ते म्हणाले आणि आणखी एक करंजी उचलली.

"कब तक?"

"प्रभु का अपना समय होता है."

"भैया, मैं रेलवे का आदमी हूँ. गाड़ी लेट है तो कितनी लेट, इतना तो बोर्ड पर लिखना पड़ता है."

ते हसले. मीही हसलो. हसणं माझं कधीच बंद पडलं नव्हतं, ते वेगळ्या खात्यात असावं. स्वयंपाकघरात मुलगी उरलेल्या करंज्या तळत होती. तिकडून झाऱ्याचा आवाज तेवढा थांबला.

पाळक गेल्यावर ती हात पुसत बाहेर आली.

"पापा, तुम्हाले खरंच काही नाही वाटत?"

"नाही."

"मग काहून करून राहिले रोज?"

"करायची असते."

"अच्छा." ती खुर्चीत बसली. "मला पण नाही वाटत. आजचं नाही हे, आईच्या आधीपासूनचं. मी बोलले नाही, कारण तुम्हाला वाटत होतं. अब आपको भी नहीं, मुझे भी नहीं. तो हम दोनों दिखा किसको रहे हैं?"

मी करंज्यांचा डबा बंद केला. पुन्हा उघडला.

"एकच सांगते," ती म्हणाली. "मी निघताना नका करू. मी बॅग उचलीन, तुम्ही बाय म्हणा. बस. नाटक के बिना."

नाटक हा आमच्या घरात शिवीचा शब्द नाही. तिनं तो सरळच वापरला होता. मी "बघू" म्हणालो.

पुढचे दिवस मी हेच बघत होतो. तिचं चुकत असतं तर सोपं होतं. हेरोदाचा आवाज लावून मी तिला दोन मिनिटांत गप्प केलं असतं. पण ती खोटं काही बोलली नव्हती, आणि मला तिच्यापुढे डोळे पुसून दाखवायचे नव्हते. दुसरीकडे, आजोबांपासून या दारातून कोणी तसंच निघून गेलं नव्हतं. आता आम्ही दोघंच उरलो होतो. तिनं सोडली होती. मीही सोडली तर या घरातून प्रार्थना गेली, आणि ती जाताना कोणी भांडलंसुद्धा नाही, असं झालं असतं. मला त्याचंही दुःख होत नव्हतं. फक्त कळत होतं, की असं होईल.

नोकरीतलं एक मात्र मला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. गाडी धडधडत जाताना लहान स्टेशनावरचा मास्तर हिरवा झेंडा घेऊन उभा असतो. त्याला त्या गाडीबद्दल काय वाटतं, हे कोणी विचारत नाही. उभा नसला, तर विचारतात.

ती निघाली त्या दुपारी बाहेर ऊन होतं आणि घरात थंडी. तिनं फोनवरून टॅक्सी बोलावली होती. ड्रायव्हरचा फोन आला, "मॅडम, गेट पे हूँ." सूटकेस दाराशी होती, वर खोव्याच्या जिलेबीचा खोका. ती खोलीतून आली ती पायात बूट घालूनच. मी बैठकीत माझ्या नेहमीच्या जागी उभा होतो.

"पापा, बोलले होते ना मी."

"तू जा ना बेटा. मी इथे उभा राहून राहिलो, बस."

"म्हणजे?"

"म्हणजे तू थांबलीच पाहिजे असं नाही. तू निघालीस, म्हणून करतो. तुला दाखवायला नाही."

"पाँच मिनट में वो राइड कैंसल कर देगा."

"छोटी करतो."

"तुम्ही? छोटी?"

मी डोळे मिटले, "हे प्रभू" म्हणालो, आणि पुढचं आलं नाही. इटारसी आलं नाही, भुसावळ आलं नाही, ड्रायव्हर, गार्ड, कोणी आलं नाही. रंगमंचावर आयुष्यात माझा एकही शब्द कधी अडला नव्हता. विंगेतून सांगणाऱ्याला मी डुलक्या काढायला लावायचो. आणि इथे घरच्या सतरंजीवर मी तोंड अर्धं उघडं ठेवून उभा. घाबरलोही नाही. नुसता थांबलो. बाहेर हॉर्न वाजला. आता सूटकेसची चाकं वाजतील, असं मी धरून चाललो.

चर्र असा आवाज झाला. बुटाची पट्टी सोडल्याचा. मग दुसऱ्या बुटाची. मग ती बोलायला लागली. ठरलेल्या शब्दांची प्रभूची प्रार्थना, मराठीतून, तिच्या आईनं लहानपणी तिला न्हाऊ घालता घालता पाठ करून घेतलेली. सतराचा पाढा म्हणावा तशी, एका सुरात, भरभर. शब्दांवर कुठे जोर नाही, एका ठिकाणी श्वाससुद्धा चुकीच्या जागी घेतला. दुसऱ्या वाक्याला मी तिच्यात मिसळलो, त्याच सपाट आवाजात. मध्ये हॉर्न पुन्हा वाजला. आम्ही थांबलो नाही आणि घाईही केली नाही. आमेन म्हटलं. डोळे उघडले, तर ती माझ्याकडेच बघत होती.

"आईनं पाठ करून घेतलं होतं, म्हणून आलं," ती खाली बसून बूट घालत म्हणाली. "काही अर्थ नका काढू."

"नाही काढत."

"काही वाटलं?"

"नाही. तुला?"

"नाही."

"चलो. तो जाईल."

तो गेला नव्हता. सूटकेस मागे ठेवताना त्यानं विचारलं, "पूजा थी क्या?"

"प्रेयर," ती म्हणाली.

"तो बता देते, मॅडम. हम हॉर्न नहीं मारते."

ती पोचल्याचा फोन आला. बर्थ, जेवण, पुण्यातली थंडी, सगळं सांगितलं. आता ती कधी प्रार्थना करते का, हे मी विचारत नाही आणि ती सांगत नाही. माझी चालू आहे. सकाळ, जेवण, संध्याकाळ. मीच करतो, मीच आमेन म्हणतो. जे आत बधिर झालं आहे ते तसंच आहे. मी त्याची वाट बघणंही सोडलं आहे, पण उभं राहणं सोडलेलं नाही.

पुढच्या मराठी उपासनेत मला प्रार्थना करायला सांगितलं. लोक खाकरून बसले, शाली सावरल्या. मोठी प्रार्थना ऐकायची त्यांना सवय आहे. मी उभा राहिलो, प्रभूची प्रार्थना म्हटली, जशी त्या दुपारी म्हटली होती तशी, आणि बसलो. माझ्या मागच्या बाकावर आमच्या मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या मावशी बसतात. त्यांनी माझ्या खांद्याला बोट लावलं.

"झाली? मी अजून चष्माच काढून राहिले होते."

"झाली, मावशी."

"तब्येत बरी आहे ना रे?"

"बरी आहे. आता एवढीच येते."

 त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"येते ना? मग परत म्हण," त्या म्हणाल्या. "माझी राहिली."

मी उठलो आणि परत म्हटली.